बेरीज शेवटी

२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदान यंत्रांबद्दल तक्रारी आल्या आणि निवडणूक आयोगाने ४९ केंद्रांवर फेरमतदान जाहीर केले. ३० मे रोजी ते पार पडले आणि ३१ मे रोजी निकालही लागला. चर्चा झाली ती बिघाडाची, आणि ते साहजिकच होते. पण त्या प्रसंगातली एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवली नाही. चूक ४९ केंद्रांपुरती राहिली. बाकीच्या केंद्रांवर पडलेल्या मतांना हातही लावावा लागला नाही. हे शक्य झाले, कारण मतदान चालू असताना मतदारसंघाची एकूण बेरीज मुळात कुठेच अस्तित्वात नसते. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या केंद्रावर दिलेले मत कोंढ्याच्याच कंट्रोल युनिटमध्ये राहते. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा, प्रत्येक यंत्राची स्मृती वेगळी, आणि बेरीज सगळे आटोपल्यावर. ही रचना निवडणुकीपुरती नाही. कोंढ्याच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातला अँड्रॉइड फोनही दर सेकंदाला हजारो गोष्टी नेमक्या याच पद्धतीने मोजतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ही पद्धत म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड नव्हे. जिथे मोजणारे पुष्कळ असतात आणि विचारणारा क्वचित येतो, तिथे मोजायची शहाणी पद्धत हीच.

आधी फोनच्या आत कोण काय मोजते ते पाहू. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आणि जगभरच्या प्रोग्रामरांनी वाढवलेल्या प्रणालीचा गाभा. स्क्रीनवर दिसणारी अ‍ॅप्स ही गिऱ्हाइके. मेमरी कुणाला किती द्यायची, नेटवर्कवरून आलेला मजकूर कुणाच्या हाती सोपवायचा, कोणते काम कधी चालवायचे, हे कर्नल ठरवतो. ठरवायचे तर हिशेब हवा. नेटवर्कवरून किती पाकिटे आली, मेमरीची किती पाने मोकळी आहेत, साठवणीत किती जागा उरली, कोणत्या उपकरणाने किती वेळा लक्ष वेधले, असे शेकडो आकडे तो अखंड राखत असतो. एका शेतकऱ्याने फोनवर सातबारा उघडला तर तेवढ्या एका कामात यातले कितीतरी आकडे अनेकदा वाढतात. प्रोसेसर एकच होता तोवर यात अवघड असे काही नव्हते. १९९६ मध्ये लिनक्सच्या २.० आवृत्तीपासून एकाच संगणकात अनेक प्रोसेसर वापरायची सोय झाली, आणि मोजणीसारखे बालवाडीतले काम एकदम कठीण होऊन बसले. आज साध्या फोनमध्येही बहुधा आठ कोअर असतात, म्हणजे एकाच वेळी खरोखर काम करणारे आठ कारकून.

कठीण का, हे जवळून पाहण्याजोगे आहे. ‘एक मिळव’ हे आपल्याला एक काम वाटते. प्रोसेसरच्या दृष्टीने ती तीन कामे आहेत. मेमरीतून आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. समजा, काउंटरमध्ये, म्हणजे मोजणीचा आकडा ठेवायच्या जागेत, ४१२ आहे. पहिल्या कोअरने ४१२ वाचले. त्याने पुढचे पाऊल टाकण्याआधीच दुसऱ्या कोअरनेही ४१२ वाचले. दोघांनी आपापल्या जागी एक मिळवून ४१३ केले आणि दोघांनी ४१३ लिहिले. घटना दोन घडल्या, आकडा एकानेच वाढला. धान खरेदी केंद्रावर दोन काट्यांवरचे दोघे एकाच वहीत, एकमेकांकडे न बघता, ‘आतापर्यंत एकूण कट्टे’ या रकान्यात लिहू लागले तर हेच होईल. कट्टा (पोते) गोदामात गेलेला असेल, वहीत मात्र नसेल. आणि ही चूक रोज होत नाही, ठरावीक ठिकाणी होत नाही, पुन्हा करून दाखवता येत नाही. म्हणून ती पकडणेही अवघड.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे वहीला कुलूप. एकाने लिहीपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. प्रोसेसरांत याहून हलका उपायही आहे: वाचणे, मिळवणे, लिहिणे ही तिन्ही पावले मध्ये कुणाला शिरू न देता एका दमात करणाऱ्या खास आज्ञा. त्यांना अ‍ॅटॉमिक म्हणजे अविभाज्य क्रिया म्हणतात. यांनी आकडा चुकत नाही, हे खरे. पण वही एकच राहते, आणि खरा खर्च तिथेच आहे. प्रत्येक कोअरजवळ कॅश नावाची छोटी, अतिवेगवान मेमरी असते. मोठ्या मेमरीतला मजकूर कॅशमध्ये येतो तो सुटा अंक म्हणून येत नाही, एका ओळीच्या गठ्ठ्याने येतो. बहुतेक प्रोसेसरांत ही ओळ ६४ बाइटची असते. एखाद्या ओळीत लिहायचे तर ती त्या क्षणी एकाच कोअरच्या ताब्यात असावी लागते, इतरांजवळच्या प्रती रद्द होतात. ओळ स्वतःजवळ असली तर काम साधारण एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास उरकते. ती दुसऱ्या कोअरकडून ओढून आणायची तर दहापट, कित्येकपट वेळ जातो. मोठ्या सर्व्हरमध्ये ती शेजारच्या चिपवरून यायची असली तर शंभर नॅनोसेकंदही कमी पडू शकतात. आठ कोअर एकच काउंटर वाढवत असतील तर बराचसा वेळ मोजण्यात जात नाही, वही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यात जातो. कारकून वाढवले तर काम आणखी मंदावते, अशी उलटी गंगा इथे वाहते.

म्हणून कर्नल वही एक ठेवतच नाही. प्रत्येक कोअरला स्वतःचा काउंटर दिला जातो. जो तो आपल्याच वहीत लिहितो. कुणाला एकूण आकडा हवा झाला की सगळ्या वह्यांची बेरीज करायची. याला ‘पर-सीपीयू काउंटर’ म्हणतात. ऐकायला हे सोपे आहे, पण घाईने केले तर फसते. समजा, आठ कोअरसाठी आठ काउंटर एकाशेजारी एक मांडले आणि प्रत्येकाला ८ बाइट दिले. आठ अठ्ठे चौसष्ट: आठही काउंटर कॅशच्या एकाच ओळीत चपखल बसू शकतात. कागदावर वह्या आठ झाल्या, पण त्या एकाच जिल्दीत शिवलेल्या. एका कोअरने आपल्या पानावर लिहिले की बाकी सातांकडची पूर्ण जिल्द रद्द. वाटणी केली आणि भांडण तसेच राहिले. म्हणून कर्नल प्रत्येक कोअरसाठी मेमरीचा स्वतंत्र भागच राखून ठेवतो आणि त्या कोअरचे सगळे खासगी आकडे त्या भागात नेऊन ठेवतो. वही वेगळी असून भागत नाही, ती वेगळ्या टेबलावर असावी लागते.

दुसरा खड्डा आणखी बारीक आहे. चालू असलेले काम कर्नल एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर नेऊ शकतो. ‘मी तिसऱ्या कोअरवर आहे’ असे एखाद्या कामाने पाहिले, आणि लिहायला हात उचलेपर्यंत त्याची बदली पाचव्यावर झाली, तर ते तिसऱ्याच्या वहीत लिहिणार आणि ४१२ चा घोळ मागच्या दाराने परत येणार. इंटेलच्या धाटणीच्या प्रोसेसरांवर यावर फार देखणा तोडगा निघाला. आपल्या कोअरच्या राखीव भागाचा पत्ता एका विशेष रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच एका छोट्या जागेत, कायम ठेवलेला असतो, त्यामुळे ‘माझ्या वहीत एक मिळव’ हे सगळे एकाच आज्ञेत सांगता येते. एका आज्ञेच्या मधोमध बदली होत नाही. आधी बदली झाली तर नव्या कोअरच्या वहीत नोंद, नंतर झाली तर जुन्याच्या. दोन्हींकडे हिशेब बरोबर. कुलूप नाही, थांबणे नाही. फोनमधल्या आर्म प्रोसेसरांवर हीच हमी तेवढ्या क्षणापुरती बदली रोखून धरून मिळवली जाते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की अशी बेरीज कधी खरी नसतेच. पहिल्या वहीपासून आठवीपर्यंत जाईतो पहिलीत आणखी चार नोंदी झालेल्या असतात. मग हाती आलेला आकडा नेमक्या कोणत्या क्षणाचा? प्रामाणिक उत्तर असे की तो कोणत्याही एका क्षणाचा नाही. पण जो काउंटर फक्त वाढतो, कधी घटत नाही, त्याच्याबद्दल एक गोष्ट खात्रीने सांगता येते: हाती आलेली बेरीज वाचायला सुरुवात केली तेव्हाच्या खऱ्या आकड्याहून कमी नसते आणि वाचून संपले तेव्हाच्या आकड्याहून जास्त नसते. पाकिटे किती आली हे पाहणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही; एकाच वहीतला अचूक आकडाही त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचेतो शिळाच झालेला असतो. अडचण आकड्यात नसते. तो कशा प्रकारचा आकडा आहे हे न सांगता दिला जातो, तेव्हा ती सुरू होते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानात संध्याकाळी ५ वाजता जाहीर झालेला आकडा ५८.२२ टक्के होता. अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. या फरकावरून वाद उठला. अशा फरकातला काही भाग पाचनंतर खरोखर पडलेल्या मतांचा असतो, कारण वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. काही भाग गावोगावच्या नोंदी वर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. त्या वादाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. पण दिवसभर दिली जाणारी टक्केवारी ही चालत्या वह्यांवर टाकलेली नजर असते, आणि मतदान बंद करून, ‘टोटल’चे बटण दाबून, नमुना १७ सी मध्ये केंद्राध्यक्षाने लिहिलेला आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना प्रत दिलेला आकडा ही मिटलेल्या वहीची बेरीज असते. एकच नाव असलेल्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कर्नल लिहिणाऱ्यांनी हा भेद आज्ञांच्या नावांतच कोरून ठेवला आहे: एकीचे नाव ‘रीड’, ती चटकन अंदाज देते, दुसरीचे नाव ‘सम’, ती सगळ्या वह्या फिरून बेरीज आणते. मागणाऱ्याला आधीच ठरवावे लागते की त्याला यातले काय हवे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आकडा नुसता बघायचा असेल तर अंदाज चालेल. पण त्यावर निर्णय अवलंबून असेल तर? साठवणीत जागा आहे असे अंदाजाने समजून कर्नलने फाईल स्वीकारली आणि जागा नसलीच, तर मजकूर हरवेल. प्रत्येक वेळी सगळ्या वह्या तपासायच्या, तर वाचवलेला वेळ पुन्हा खर्ची पडेल. या पेचातून लिनक्समध्ये २००२ च्या सुमारास एक मधला काउंटर आला. अँड्र्यू मॉर्टन यांनी तो फाइल सिस्टीमच्या, म्हणजे साठवणीतल्या फायली सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, मोकळ्या जागेच्या हिशेबासाठी लिहिला. त्यात कोअरांच्या वह्यांबरोबर एक मुख्य वहीही असते. प्रत्येक कोअर आपल्या वहीत लिहीत राहतो, आणि तिथला आकडा ठरावीक मर्यादेला पोचला की एकदाच मुख्य वहीला कुलूप लावून तो तिच्यात जमा करतो. काट्यावरच्या माणसाने प्रत्येक कट्ट्याला मुख्य रजिस्टरकडे धावण्याऐवजी थप्पी पुरी झाली की एकदा नोंद द्यावी, तसे. ही मर्यादा, म्हणजे बॅच, ३२ किंवा कोअरांच्या संख्येच्या दुप्पट, यातली जी मोठी असेल ती धरतात. आठ कोअरच्या फोनमध्ये ती ३२ येते. म्हणजे मुख्य वही खऱ्या बेरजेपासून आठ गुणिले बत्तीस, २५६ च्या पलीकडे भरकटू शकत नाही. ही चूक असते, पण तिला कुंपण असते.

आणि कुंपण माहीत असले की निर्णय घेता येतो. तुलना करायची तेव्हा कर्नल आधी मुख्य वहीतला अंदाज पाहतो. अंदाज आणि सीमारेषा यांतले अंतर २५६ हून मोठे असेल तर उत्तर तिथेच मिळाले, कारण सगळी चूक एका बाजूला गेली तरी निकाल बदलत नाही. अंतर त्याहून कमी असेल तरच सगळ्या वह्या उघडायच्या. हे किती रास्त आहे ते भंडारा जिल्ह्यातच तपासता येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत साकोली मतदारसंघात नाना पटोले २०८ मतांनी विजयी झाले. ही मोजणी जर आठ टेबलांवर, बत्तीस-बत्तीसच्या थप्प्या वर पाठवत चालली असती, तर लाखभराच्या मताधिक्याला मुख्य फळ्यावरचा आकडा पुरला असता, पण २०८ ला तो पुरला नसता. तिथे शेवटच्या टेबलावरचा शेवटचा कागदही मोजावाच लागला असता. ext4 या नावाने ओळखली जाणारी, लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी फाइल सिस्टीम हाच नियम अधिक सावधपणे पाळते. तिने धोक्याची पातळी बॅच गुणिले कोअर याच्या चौपट ठेवली आहे. मोकळी जागा त्याखाली जाऊ लागली की अंदाज बंद, खरी बेरीज सुरू. १२८ प्रोसेसरांच्या सर्व्हरवर बॅच २५६ होते आणि कमाल चूक ३२,७६८ ठोकळ्यांची. ठोकळा, म्हणजे साठवणीतली जागा मोजायचा तुकडा, ४ किलोबाइटचा धरला तर १२८ मेगाबाइट. रिकाम्या डिस्कवर ही रक्कम कस्पटासमान; भरत आलेल्या डिस्कवर तीच जीवघेणी. अचूकपणा सदासर्वकाळ विकत घ्यायची गरज नसते, तो काठावर आल्यावर घ्यावा लागतो. या सगळ्या रचनेचा अर्थ मला याच वाक्यात दिसतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. वह्या फुकट मिळत नाहीत. १२८ कोअर म्हणजे एका आकड्यासाठी १२८ जागा, त्या सुरुवातीला शून्य करायच्या, शेवटी गोळा करायच्या. २०२३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.२ आवृत्तीत प्रत्येक प्रक्रियेने, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामने, किती मेमरी वापरली हा हिशेबही या पद्धतीवर नेला गेला. दीर्घकाळ आणि एकाच वेळी अनेक कोअरांवर चालणाऱ्या कामांना ते मानवले. पण क्षणभर जगून संपणाऱ्या हजारो छोट्या प्रक्रिया मोठ्या यंत्रावर चालवल्या तर वह्या मांडण्या-आवरण्याचाच भार जाणवू लागला, आणि नंतर तो हलका करण्यासाठी सुधारणा कराव्या लागल्या. दहा मिनिटांच्या ग्रामसभेतले हात मोजायला कुणी दहा मतदान केंद्रे उघडत नाही. ज्या आकड्याला तासातून चार वेळा हात लागतो त्याला एक वही आणि एक कुलूप पुरे. वाटणीचा फायदा तिथेच, जिथे लिहिणे अखंड आणि अनेक हातांनी चालते, वाचणे क्वचित होते आणि आकड्याचे आयुष्य मांडणीचा खर्च भरून निघण्याइतके लांब असते. तसेच, बॅटरी वाचवण्यासाठी एखादा कोअर बंद केला जातो, तेव्हा त्याच्या वहीतला शिल्लक आकडा मुख्य वहीत जमा करून घ्यावा लागतो, नाहीतर कोअरबरोबर हिशेबही झोपी जाईल. ही कामे कुणाच्या तरी डोक्यावर राहतातच.

शेवटचा आक्षेप असा निघू शकतो की मग मेमरी सामायिक ठेवताच कशाला, प्रत्येकाला सगळेच वेगळे द्या. हा मार्गही अनोळखी नाही, आणि महाराष्ट्राला तर मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर चालत असे. त्यात प्रत्येकाची मेमरी स्वतःची होती आणि एकमेकांशी बोलायचे ते निरोप पाठवून. तिथे ४१२ चा घोळ संभवतच नाही, कारण दुसऱ्याच्या वहीला हात लावायची सोयच नाही. हवामानाच्या मोठ्या गणितांना ही शिस्त मानवते. पण ज्या फोनमध्ये एक काम क्षणात या कोअरवरून त्या कोअरवर जाते, तिथे मजकूर सामायिक मेमरीत असणे फार सोयीचे पडते. पर-सीपीयू काउंटर या दोहोंच्या मधली वाट काढतो: घर एकत्र, पण रोजच्या खर्चाची वही ज्याची त्याची.

ज्यांच्याकडे लिनक्सचा संगणक आहे त्यांना हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. त्यातल्या ‘प्रॉक’ या फोल्डरात ‘इंटरप्ट्स’ नावाची फाईल असते. ती उघडली की कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांनी प्रोसेसरचे लक्ष किती वेळा वेधले याचा तक्ता दिसतो. ओळी उपकरणांच्या, आणि प्रत्येक कोअरला एक स्वतंत्र रकाना. एकूण बेरजेचा रकाना त्या तक्त्यात नाही; ती ज्याला हवी त्याने करायची.